हिब्रू शास्त्रातील वतनाच्या याद्या कशा वाचाव्यात

हिब्रू शास्त्रातील, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील, गणना या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय उघडला, की बहुतेक वाचक दोन-चार ओळी वाचून पाने उलटतात. नाव, बापाचे नाव, कुळ, संख्या आणि पुन्हा नाव, असा तो मजकूर आहे. यहोशवा या पुस्तकाच्या तेराव्यापासून एकविसाव्या अध्यायापर्यंत नावांच्या जोडीला गावे येतात आणि वाचन आणखी अवघड होते. हे अध्याय म्हणजे एका समाजाचे, मोशेच्या मागे मिसरातून (इजिप्तमधून) निघून कनान देशात वसलेल्या इस्राएलाच्या बारा वंशांचे, जमिनीचे दप्तर आहे, असे समजून ते वाचावेत, असे माझे सांगणे आहे. दप्तर कथेसारखे सलग वाचायचे नसते. त्यातले एक नाव धरून ते कोणत्या जमिनीवर लागले, कोणामुळे लागले आणि लागताना कोणती अडचण आली, याचा माग काढत जायचे असते. वारसाहक्काचा नियम जिथे अडखळला, तिथेच बहुधा एखादे अपरिचित नाव नोंदले गेले आहे, असे या मागावर गेल्यावर दिसू लागते.

या वाचनासाठी लागणारी सामग्री थोडी आहे. गणना, यहोशवा आणि पहिला इतिहास ही तीन पुस्तके एकाच वेळी हाताशी असावीत. कनान देशाचा, वंशांच्या सीमा दाखवणारा एक साधा नकाशा आणि एक वही असली की पुरे. वहीत नाव, बाप, कुळ, वंश, गाव किंवा प्रदेश आणि अडचण असे सहा रकाने आखावेत. यांतला शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, म्हणून तो रुंद ठेवावा.

आधी शब्द ओळखावेत

रूढ मराठी भाषांतरात या जमिनीसाठी ‘वतन’ हा शब्द आला आहे. मूळ हिब्रू शब्द ‘नहलाह’ असून तो घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाट्यासाठी वापरला जातो. ‘वतन’ हा शब्द सुंदर आहे आणि मराठी वाचकाला तो चटकन जवळचा वाटतो, तरी तो वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. आपल्याकडे वतन म्हटले की पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी अशी कामाची आणि हक्काची जोड डोळ्यांपुढे येते. वतनदाराने गावाचे किंवा सरकारचे काम करायचे आणि त्याबदल्यात जमीन व मानपान उपभोगायचा, असा तो व्यवहार होता. नहलाहच्या मागे अशी चाकरी नाही. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर ‘जमीन माझी आहे’ असे सांगतो आणि तिच्यावर राहणाऱ्यांना परके व उपरे म्हणतो. त्यामुळे वाटा मिळालेला माणूस ती जमीन कसू शकतो, मुलांना देऊ शकतो, अडचणीत विकूही शकतो, पण ती विक्री कायमची होऊ शकत नाही.

दुसरा शब्द ‘अहुज्जाह’ हा आहे आणि तो ताब्यातल्या जमिनीसाठी वापरला जातो. सलाफहादाच्या मुलींच्या प्रकरणात हे दोन्ही शब्द जोडून आले आहेत, म्हणजे ताबा आणि वारसा या दोन्ही गोष्टी त्यांना मिळाव्यात असा त्या निर्णयाचा अर्थ आहे. तिसरा शब्द ‘गोराल’ म्हणजे चिठ्ठी, आणि चिठ्ठीने पदरात पडलेला वाटासुद्धा. चौथा ‘हेवेल’ हा मला सर्वांत आवडतो, कारण त्याचा मूळ अर्थ दोरी असा आहे. जमीन दोरीने मोजली जाई, म्हणून मोजून मिळालेल्या तुकड्यालाही दोरी हेच नाव पडले. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात मनश्शेला दहा वाटे मिळाले असे आपण वाचतो, तिथे हिब्रूत ‘दहा दोऱ्या पडल्या’ असे आहे.

माणसांच्या पायऱ्याही समजून घ्याव्या लागतात. वंशासाठी ‘मत्तेह’ आणि ‘शेवेट’ असे दोन शब्द येतात आणि दोहोंचाही मूळ अर्थ काठी असा आहे. वंशाच्या खाली कुळ, म्हणजे ‘मिश्पाहाह’, आणि कुळाच्या खाली बापाचे घराणे, म्हणजे ‘बेत आव’, येते. या पायऱ्या पाठ करण्यापेक्षा यहोशवाचा सातवा अध्याय एकदा वाचावा. तिथे अपराधी कोण हे शोधताना आधी यहूदा वंश निघतो, मग जेरहाचे कुळ, मग जब्दीचे घराणे आणि शेवटी आखान हा एक माणूस. एकदा ही उतरण नीट कळली, की पुढच्या सगळ्या याद्या वाचता येतात, कारण जमिनीची वाटणीही याच पायऱ्यांनी खाली आली आहे.

वंशाच्या प्रमुखाला हिब्रूत ‘नासी’ म्हणतात आणि मराठीत ‘सरदार’ हा शब्द रूढ झाला आहे. त्याच्या नावापुढे येणारा ‘बिन’ हा शब्द जुनी मराठी कागदपत्रे पाहिलेल्या वाचकाला नवा वाटणार नाही. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक. या याद्यांत बापाचे नाव सोडून पुढे कधीही जाऊ नये. त्याचे कारण पुढे येईलच.

दोन शिरगणत्या समोरासमोर ठेवाव्यात

गणनाच्या पहिल्या आणि सव्विसाव्या अध्यायांत वीस वर्षांवरील, लढाईस जाण्याजोग्या पुरुषांची मोजणी आहे. पहिल्या मोजणीत एकूण ६,०३,५५० आणि दुसरीत ६,०१,७३० पुरुष भरतात. एकूण आकडा जवळजवळ तोच राहिलेला पाहून वाचक पुढे जातो आणि इथेच मोठी गोष्ट निसटते. वंशावार आकडे शेजारी लिहिले, की शिमोन ५९,३०० वरून २२,२०० वर आलेला दिसतो आणि मनश्शे ३२,२०० वरून ५२,७०० वर गेलेला दिसतो.

दुसऱ्या मोजणीनंतर लगेच वाटणीचा नियम सांगितला आहे. मोठ्या वंशाला मोठे वतन द्यावे, लहानाला लहान द्यावे, आणि तरीही वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी. संख्येने ठरवायचे की चिठ्ठीने, हा प्रश्न फार जुना आहे. वाटा कोणत्या भागात पडायचा हे चिठ्ठीने ठरावे आणि तो किती मोठा असावा हे संख्येने ठरावे, असा मेळ अनेक वाचकांनी घातला आहे आणि मला तो पटतो, पण मजकुरात हा खुलासा नाही, हेही वहीत नोंदवून ठेवावे.

आता शिमोनाचा माग काढावा. यहोशवाच्या एकोणिसाव्या अध्यायात त्याला स्वतंत्र सीमा नाही. यहूदाचा वाटा गरजेपेक्षा मोठा झाला होता, म्हणून शिमोनाला यहूदाच्या आत गावे मिळाली, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. बैर-शेबा, होर्मा आणि सिकलाग ही गावे पंधराव्या अध्यायात यहूदाच्या यादीत शोधावीत आणि मग एकोणिसाव्यात शिमोनाच्या यादीत. तीच गावे दोन्हीकडे सापडतात. पुढे पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायात शिमोनाच्या तेरा सरदारांची नावे येतात. मशोबाबने सुरू होणारी आणि जीजावर संपणारी ही यादी क्वचितच कोणी वाचत असेल, पण तिच्यामागचे कारण त्याच अध्यायात आहे. या घराण्यांची वाढ फार झाली, कळपांना चारा पुरेना, म्हणून हे लोक गदोरच्या दिशेने कुरणे शोधत गेले आणि यहूदाचा राजा हिज्कीया याच्या दिवसांत तिथे वसले. त्यानंतर पाचशे माणसे सेईर डोंगरापर्यंत गेली. शिरगणतीतल्या एका उतरलेल्या आकड्यापासून निघून आपण असे शतके ओलांडून चराऊ रानापर्यंत येतो. माग काढणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी हे एक उदाहरण पूर्ण करून पाहावे आणि मगच पुढे जावे.

वाटणीचे दहा पंच

गणनाच्या चौतिसाव्या अध्यायाच्या शेवटी, एलाजार याजक आणि मोशेनंतरचा पुढारी यहोशवा बिन नून यांच्याबरोबर जमीन वाटून देण्यासाठी दहा माणसे नेमली आहेत. यहूदाचा कालेब बिन यफुन्ने, शिमोनाचा शमुवेल बिन अम्मीहूद, बन्यामिनाचा अलीदाद बिन किसलोन, दानाचा बुक्की बिन यागली, मनश्शेचा हन्नीएल बिन एफोद, एफ्राइमाचा कमुवेल बिन शिफ्टान, जबुलूनाचा अलीसाफान बिन पर्णाक, इस्साखाराचा पलटीएल बिन अज्जान, आशेराचा अहीहूद बिन शलोमी आणि नफतालीचा पदाहेल बिन अम्मीहूद. यांतला कालेब सोडला, तर बाकीच्या नऊ जणांविषयी शास्त्रात दुसरी गोष्ट नाही. तरीही ही यादी चार बाजूंनी वाचता येते.

पहिली बाजू म्हणजे कोण नाही. रऊबेन आणि गाद यांचा एकही माणूस यात नाही, कारण या दोन वंशांनी यार्देन नदीच्या पूर्वेला आधीच जमीन मागून घेतली होती. मनश्शेचा अर्धा भाग पूर्वेला राहिला, पण उरलेल्या अर्ध्याला पश्चिमेला वाटा मिळायचा होता, म्हणून हन्नीएल यादीत आहे. उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशालाही प्रतिनिधी नाही, कारण त्याला वतनच नव्हते. त्याच्यासाठी पुढच्या अध्यायात अठ्ठेचाळीस नगरे सांगितली आहेत.

दुसरी बाजू पहिल्या अध्यायाशी ताडून पाहण्याची आहे. तिथे मोजणीसाठी नेमलेल्या बारा सरदारांची यादी आहे आणि तिच्यात रऊबेनचा अलीसूर, यहूदाचा नहशोन, दानाचा अहीएजर अशी नावे आहेत. त्या बारांपैकी एकही चौतिसाव्या अध्यायात उरलेला नाही. मिसरातून निघालेली पिढी रानात सरली, हे आपण कथेत वाचलेले असते, आणि इथे तेच दोन याद्यांच्या मधल्या फरकातून कळते.

तिसरी बाजू क्रमाची आहे आणि तिच्यासाठी नकाशा लागतो. यहूदा आणि शिमोन दक्षिणेला, मग बन्यामीन आणि दान, मग मध्यावरचे मनश्शे आणि एफ्राइम, मग उत्तरेकडे जबुलून, इस्साखार, आशेर आणि नफताली. नावे जवळजवळ दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जातात. कथेच्या ओघात अजून यार्देन ओलांडलेली नाही, चिठ्ठ्या पडलेल्या नाहीत, तरी यादीचा क्रम मात्र वंश पुढे जिथे वसले त्या भूगोलाप्रमाणे लागला आहे. श्रद्धेने वाचणारा यात पूर्वनियोजन पाहील आणि इतिहासाच्या अंगाने वाचणारा यात नंतरच्या लेखनिकाचा हात पाहील. दोघांनीही हा क्रम आधी पाहावा, एवढेच मला म्हणायचे आहे. हिब्रू मजकुरात पहिल्या तिघांच्या नावामागे ‘नासी’ हा शब्द नाही आणि बुक्कीपासून पुढे तो प्रत्येकाला लावलेला आहे, हेही नोंदवावे.

चौथी बाजू सारख्या नावांची. शिमोनाचा शमुवेल आणि नफतालीचा पदाहेल या दोघांच्याही बापाचे नाव अम्मीहूद आहे, आणि पहिल्या अध्यायातला एफ्राइमाचा अलीशामा हाही अम्मीहूदाचाच मुलगा आहे. हे तीन वेगळे अम्मीहूद आहेत, कारण वंश तीन आहेत. अलीसाफान नावाचा आणखी एक माणूस गणनाच्या तिसऱ्या अध्यायात लेवी वंशातल्या कहाथी घराण्याचा प्रमुख आहे, पण त्याचा बाप उज्जीएल आहे. म्हणून नाव, बाप आणि वंश हे तिन्ही जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत.

पाच बहिणींचे प्रकरण

वारशाच्या सगळ्या अभ्यासात एकच प्रकरण नीट वाचायला वेळ असेल, तर सलाफहादाच्या मुलींचे वाचावे. त्याचे तीन भाग तीन ठिकाणी आहेत आणि ते सुटे सुटे वाचले तर अर्धेच कळतात. गणना सत्ताविसावा अध्याय, गणना छत्तिसावा अध्याय आणि यहोशवाचा सतरावा अध्याय, या क्रमाने वाचावे.

महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यापुढे दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी उभ्या राहिल्या. त्यांची वंशावळ सलाफहाद, हेफेर, गिलाद, माखीर, मनश्शे अशी वर जाते आणि ती इतकी पूर्ण दिली आहे, कारण दावा जमिनीचा आहे. त्यांचे म्हणणे फार विचारपूर्वक मांडलेले आहे. आमचा बाप रानात मेला, तो मोशेविरुद्धच्या कोरहाच्या बंडात सामील नव्हता, त्याला मुलगा नव्हता, तर तेवढ्यावरून त्याचे नाव त्याच्या कुळातून का नाहीसे व्हावे? बंडखोराची जमीन जप्त होईल ही शंका त्यांनी आधीच दूर केली आणि मागणी स्वतःच्या सुखासाठी न करता बापाच्या नावासाठी केली. मोशेने हे प्रकरण परमेश्वरापुढे नेले आणि उत्तर मिळाले की, या मुली बोलतात ते बरोबर आहे.

यानंतर वारसांचा क्रम येतो आणि तो वहीत जसाच्या तसा उतरवावा. मुलगा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर मृताचे भाऊ, भाऊ नसतील तर बापाचे भाऊ, तेही नसतील तर कुळातला सर्वांत जवळचा नातलग. दोन गोष्टी इथे ध्यानात घ्याव्यात. मुलगी केवळ मुलाच्या अभावी वारस होते, आणि विधवेचे नाव या क्रमात कुठेच नाही. रूथ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात नामी ही विधवा अलीमलेखाचे शेत विकते असे वाचताना हा दुसरा मुद्दा आठवला, तर त्या अध्यायातली गुंतागुंत नव्याने दिसते.

छत्तिसाव्या अध्यायात गिलादाच्या कुळातले पुढारी हरकत घेऊन येतात. या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली, तर त्यांचे वतन नवऱ्याच्या वंशात जाईल, आणि योबेल वर्षही ते परत आणू शकणार नाही, अशी त्यांची भीती होती. योबेल वर्षी, म्हणजे पन्नासाव्या वर्षी, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येते. लग्नामुळे आणि वारशाने गेलेली जमीन विकलेली नसते, म्हणून तिला तो नियम लागत नाही. पुढाऱ्यांचे म्हणणेही बरोबर ठरते आणि मुलींनी आवडेल त्याच्याशी, पण बापाच्या वंशातच लग्न करावे, असा निर्णय होतो. पाचही जणींची लग्ने चुलत भावांशी झाली. मुलींचा हक्क मान्य झाला आणि लगेच त्याला कुंपणही पडले. या दोन निर्णयांपैकी एकच सांगणारा वाचक प्रकरणाला न्याय देत नाही, असे मला तीव्रतेने वाटते.

आता तिसऱ्या भागातला हिशेब करावा. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात पश्चिमेकडील मनश्शेची सहा कुळे दिली आहेत: अबीयेजेर, हेलेक, अस्रीएल, शेखेम, हेफेर आणि शमीदा. वाटे मात्र दहा पडले. हेफेराच्या जागी त्याच्या पाच नाती धरल्या, की उरलेली पाच कुळे आणि या पाच जणी मिळून दहा होतात. बहिणींना मिळालेली जमीन नकाशावर ज्या प्रदेशात पडते, त्याच डोंगराळ मुलखात तिरसा नावाचे नगर होते, जे पुढे काही काळ उत्तरेकडील राज्याची राजधानी झाले.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही, याचा एक पुरावा जमिनीतून निघाला आहे. १९१० साली शोमरोन (समारिया) येथील उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली मानली जातात आणि त्यांवर राजाच्या कारकिर्दीचे वर्ष, ठिकाण, माणसांची नावे आणि द्राक्षारस किंवा तेल यांच्या नोंदी आहेत. त्या नोंदींत प्रदेशांची नावे म्हणून अबीयेजेर, हेलेक, अस्रीएल, शेखेम, शमीदा, नोआ आणि होग्ला ही सात नावे येतात. यादीतल्या दोन बहिणींची नावे कोणा कारकुनाने तेलाच्या बुधल्याचा हिशेब लिहिताना प्रदेश म्हणून लिहिली, हे वाचून मी थक्क झालो होतो. मजकुरातल्या या बहिणी हाडामांसाच्या होत्या की कुळांना कथेत दिलेले मानवी रूप होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण नाव जमिनीला लागले होते, एवढे खापरे सांगतात.

मराठी वाचकाला नाव आणि गाव यांची ही सांगड परकी वाटू नये. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने पेणकर, रोहेकर अशी गावावरून आडनावे घेतली. तिथे गावाचे नाव माणसाला लागले आणि मनश्शेच्या मुलखात माणसाचे नाव जमिनीला लागले.

एकाच माणसाचे दोन वंश असतील तर

याईर हा सरदार वाचकाला नक्की गोंधळात टाकतो. गणनाच्या बत्तिसाव्या अध्यायात तो मनश्शेचा पुत्र आहे आणि त्याने घेतलेल्या खेड्यांना हव्वोथ-याईर हे नाव पडले. पहिल्या इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र यहूदा वंशातल्या हेस्रोनाने माखीराच्या मुलीशी लग्न केले, तिला सगूब झाला आणि सगूबाला याईर झाला, ज्याची गिलाद प्रदेशात तेवीस नगरे होती. म्हणजे बापाकडून तो यहूदाचा आणि आजीकडून मनश्शेचा. शास्ते या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात तर तीस मुलांचा आणि तीस नगरांचा याईर गिलादी येतो, जो बहुधा त्याच नावाचा नंतरचा माणूस असावा.

अशा वेळी दोन नोंदी घासून एक करण्याचा मोह टाळावा आणि दोन्ही लिहून ठेवाव्यात. माझा अंदाज असा, की याईराची जमीन जिथे होती त्या वंशात त्याचे नाव गेले. छत्तिसाव्या अध्यायातल्या पुढाऱ्यांना मुलीच्या लग्नाने जमीन बाहेर जाण्याची भीती होती, आणि याईराच्या बाबतीत जमीन जागेवर राहून माणूसच तिच्या वंशात आला. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात याचीच दुसरी बाजू आहे. गिलादी बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न करून सासऱ्याच्या घराण्याचे नाव घेतलेल्या एका याजकाच्या वंशजांना बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर आपली नोंद वंशावळीत सापडली नाही, आणि त्यांना याजकपदावरून बाजूला व्हावे लागले.

पहिल्या इतिहासाच्या याद्यांत अशी आणखी प्रकरणे दडलेली आहेत. यहूदा वंशातल्या शेशानाला मुलगे नव्हते, म्हणून त्याने आपली मुलगी यरहा नावाच्या मिसरी दासाला दिली, आणि तिच्यापासून पुढच्या तेरा पिढ्या नावानिशी लिहिल्या गेल्या. लेवी वंशातल्या एलाजार बिन महलीलाही केवळ मुली होत्या आणि त्यांची लग्ने चुलत भावांशी झाली. लेव्यांना वतन नव्हते, तरी तिथेही सलाफहादाच्या घरासारखेच घडले. त्यावरून घराणे टिकवण्याची चिंता जमिनीपुरती नव्हती, असे म्हणता येते. एफ्राइमाच्या घराण्यातल्या शेरा या स्त्रीने खालचे व वरचे बेथ-होरोन बांधले, एवढी एकच ओळ सातव्या अध्यायात आहे आणि ती सहज नजरेतून सुटते.

एकाच जागेवर अनेकांचे हक्क

कालेबाचे हेब्रोन हे याचे उत्तम उदाहरण. यहोशवाच्या चौदाव्या अध्यायात पंच्याऐंशी वर्षांचा कालेब पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या वचनाची आठवण देऊन हेब्रोन मागतो. त्याला कनिज्जी म्हटले आहे, म्हणजे त्याचे घराणे मूळचे यहूदाबाहेरचे असण्याची शक्यता आहे, आणि तरी वाटणीच्या पंचांत यहूदाचा माणूस म्हणून तोच बसला. एकविसाव्या अध्यायात तेच हेब्रोन लेव्यांना दिलेले दिसते. विसंगती वाटते, पण लगेच पुढची ओळ वाचावी: नगर आणि सभोवतालची कुरणे लेव्यांना दिली, नगराची शेते आणि खेडी कालेबाकडे राहिली. ‘हे गाव कोणाचे’ असा प्रश्न विचारताना वस्ती, कुरण आणि शेत हे तीन वेगळे हक्क धरावेत.

पंधराव्या अध्यायात त्याची मुलगी अखसा चौथा हक्क पुढे आणते. तिचे लग्न किर्याथ-सेफर जिंकणाऱ्या अथनिएलाशी झाले होते. तू मला कोरडी दक्षिण दिलीस, तर आता पाण्याचे झरेही दे, असे तिने बापाकडे मागितले आणि त्याने वरचे व खालचे असे दोन्ही झरे तिला दिले. पाण्यावाचून जमीन म्हणजे काय, हे दुष्काळी मुलखातल्या वाचकाला सांगावे लागणार नाही.

नियम पुढे पाळला गेला का

हे पाहण्यासाठी तीन प्रकरणे पुरेशी आहेत. पहिल्या राजांच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथ आपला इज्रेल येथील द्राक्षमळा अहाब राजाला द्यायला नकार देतो आणि त्याच्या वाक्यात ‘वाडवडिलांचे वतन’ हाच शब्द आहे. राजा चांगला मोबदला देत होता, तरी नकार का, हे लेवीय पंचवीस वाचल्यावर समजते. रूथच्या चौथ्या अध्यायात वेशीवर दहा वडीलधाऱ्यांसमोर जमीन सोडवण्याचा व्यवहार होतो. जवळचा नातलग शेत घ्यायला तयार होतो, पण रूथशी लग्न करून मृताचे नाव त्याच्या वतनात चालवावे लागेल हे कळताच मागे हटतो. त्याचे नाव मजकुरात दिलेले नाही. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमेला वेढा पडलेला असताना यिर्मया चुलत भाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो. खरेदीखताची एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन प्रती मातीच्या मडक्यात ठेवल्या जातात. कागद, साक्षी, वजन आणि मुद्रा यांचा इतका बारकाईचा तपशील शास्त्रात दुसरीकडे क्वचितच मिळतो, म्हणून हा उतारा सावकाश वाचावा.

शेवटी एक अभ्यास स्वतः करून पाहावा. गणनाच्या चौतिसाव्या अध्यायातली तेविसावी ओवी आणि यहोशवाच्या सतराव्या अध्यायातली चौथी ओवी शेजारी ठेवाव्यात. पहिलीत मनश्शेचा सरदार हन्नीएल बिन एफोद याची नेमणूक आहे आणि त्यानंतर त्याचे नाव पुन्हा कुठेही येत नाही. दुसरीत पाच बहिणी एलाजार, यहोशवा आणि सरदार यांच्यापुढे येतात आणि मोशेने दिलेल्या निर्णयाची आठवण करून देऊन आपला वाटा मागतात. तिथे सरदारांची नावे दिलेली नाहीत, पण नेमणुकीची यादी आपल्या वहीत आहे आणि प्रकरण मनश्शेचे आहे. त्या दिवशी त्या बहिणींच्या वंशाच्या वतीने तिथे कोण बसले असावे, हे रिकाम्या रकान्यात लिहावे.